तीन पायांचा खेळाडू

"कुणाला लागलं-बिगलं का?" चॅनेल नऊच्या बातमी विभागातून प्रश्न आला.

"छे हो! कुणालाच नाही," डार्लीन हाउटाला अभिमानाने म्हणाली. "आमच्याकडे सगळ्यांच्या डोळ्यांवर चष्मे असतात. इतक्या वर्षांत एक नख तुटलं नाही कुणाचं."

"मारामारी?"

"उलट! समोरच्या संघाचा रोबो बंद पडला, तर आमची मुलं आधी त्याला दुरुस्त करतात आणि मग त्याच्याकडूनच हरतात."

"अरेरे," पलीकडचा माणूस मनापासून हळहळला आणि त्याने फोन ठेवून दिला.

डार्लीन पाइन हार्बरच्या शाळेचं ऑफिस सांभाळायची. शाळेचं ऑफिस सांभाळणाऱ्या बाईला नकार ऐकायची सवय नसते, कारण तिथे नकार देणारी तीच असते. त्यामुळे तिने फोन पुन्हा फिरवला. महिनाभर तिचं हेच चाललं होतं. चॅनेल नऊची मंडळी आता तिचा आवाज ऐकला की "जेवायला गेलेत" असं सांगायची, मग ती सकाळ का असेना.

तिला हा नाद काही हौसेने लागला नव्हता. तिचा नवरा गॉर्डी त्याच शाळेत वर्कशॉप शिकवायचा आणि मुलांच्या रोबो संघाचा कोच होता. वर्कशॉपच्या मागची मोठी खोली रोबोवाल्यांची. तिथे मुलं हिवाळाभर काहीतरी कापत, जोडत आणि जाळत बसायची. मिशिगनच्या या वरच्या टोकाला हिवाळा इतका लांब असतो की पोरांना असं गुंतवून ठेवणारी खोली नसेल, तर आयांना घर सोडून जावं लागेल. पण शाळा समितीचे अध्यक्ष वॉल्टर राउटियो यांचा नातू कुस्तीत होता आणि कुस्तीवाल्यांना मॅट टाकायला जागा हवी होती. मागच्या बैठकीत वॉल्टरनी हात मागे बांधून भाषण ठोकलं.

"मला सांगा, हा रोबोचा खेळ कुणी टीव्हीवर पाहिलाय? कुस्ती दिसते. हॉकी दिसते. परवा तर बर्फाला भोक पाडून मासे धरणारे दिसले. जे सहाच्या बातम्यांत दिसत नाही, तो खेळ नाही. आणि खेळच नाही, तर त्याला एवढी मोठी खोली कशाला? पुढच्या महिन्यात सोमवारच्या बैठकीत मताला टाकू."

खोली गेली की रोबो गेला. तो काही कुणाच्या स्वयंपाकघरात बांधता येत नाही. गॉर्डी बैठकीत खाली मान घालून बसला आणि डार्लीन उठून उभी राहिली.

"टीव्हीवर दिसलं तर?"

"दिसलं तर बघू," वॉल्टर हसून म्हणाले.

घरी आल्यावर गॉर्डीने फक्त एकच प्रश्न विचारला. "टीव्हीवाले आलेच, तर त्यांच्याशी बोलणार कोण?"

"कोण म्हणजे? कोच बोलतो. तू!"

गॉर्डीचा चेहरा पांढराफटक पडला. हा माणूस दिवसभर करवतीशेजारी उभा राहायचा, पण कॅमेऱ्यासमोर त्याची दातखीळ बसायची. त्यांच्या लग्नाच्या व्हिडिओत नवऱ्या मुलाची फक्त पाठ दिसते. त्या दिवसापासून तो आंघोळ करताना चार वाक्यं पाठ करू लागला आणि चौथं पाठ झालं की पहिलं विसरू लागला.

आता नशीब म्हणतात ते असं. शनिवारी जिल्ह्याची रोबो स्पर्धा पाइन हार्बरच्याच जिममध्ये होती. नेमकं त्याच दिवशी शेजारच्या गावातल्या हॉकीच्या मैदानाचं बर्फ गोठवणारं यंत्र बिघडलं आणि सामना रद्द झाला. चॅनेल नऊच्या खेळांच्या बातम्यांत मोठं भगदाड पडलं. ते कशानेही बुजवणं भाग होतं आणि डार्लीनचा नंबर तर त्यांना तोंडपाठ होता.

दुपारी जिमच्या दारात अंगावरचा बर्फ झटकत ब्रेंट ओल्सविक उभा राहिला. वार्ताहर तोच, कॅमेरावाला तोच, गाडी चालवणाराही तोच. आत चाळीसेक संघ, त्यांचे रोबो, ढोल, रंगवलेले चेहरे आणि कोंबडीचा पोशाख घातलेला एक मुख्याध्यापक होता. ब्रेंट दोन पावलं मागे सरला.

"साहेबांनी सांगितलंय, जे काय आणशील ते हलतं आण," तो डार्लीनला म्हणाला. "मागं विज्ञान प्रदर्शनाची बातमी केली, तर बातम्या वाचणारी बाईच जांभई देताना दिसली."

"इथं सगळं हलतंच!" डार्लीनने त्याच्या डोळ्यांवर प्लास्टिकचा चष्मा चढवला. बिनचष्म्याचा माणूस आत घ्यायचा नाही, असा नियमच होता. "फायनल थोड्या वेळात आहे. आपली मुलं आहेत फायनलला. कोच पण आहेत, मुलाखतीला एका पायावर तयार आहेत."

कोच त्या वेळी पॉपकॉर्नच्या यंत्रामागे दोन्ही पायांवर बसून होते.

ब्रेंटने गाडीतून कॅमेरा आणला, तीन पायांचा स्टँड आणला, स्टँड उघडला आणि कपाळावर हात मारला. कॅमेऱ्याला खालून एक छोटी प्लेट लागते आणि ती स्टँडवर बसते. ती प्लेट त्याने निघताना गाडीच्या टपावर ठेवली होती. ती आता हमरस्त्यावर कुठेतरी बर्फाखाली होती, उन्हाळ्यात सापडली असती.

"हातात धरून घ्या की," डार्लीन म्हणाली.

"सकाळी अंगणातलं बर्फ उपसलं. खांदा वर होत नाही." ब्रेंट केविलवाणा झाला. "स्टँड नाही तर चित्र थरथरणार, आणि थरथरतं चित्र आमच्याकडं घेत नाहीत. सॉरी बाई, जातो मी."

"जातो? थांबा! तुम्ही जरा पास्टी खा, बटाटा-मांसाची आहे, गरम आहे. प्लेटचं मी बघते."

इथे डार्लीनने एक चूक केली. दुसऱ्या कुठल्या गावातल्या, दुसऱ्या कुठल्या खेळातल्या बाईने गुपचूप एक बोल्ट शोधला असता. पण रोबोवाल्यांचा रिवाज असा, की काही कमी पडलं तर माईकवरून सांगायचं. मग ज्याच्याकडे असेल तो हातातलं टाकून धावत येतो, मग तुम्ही त्याचे प्रतिस्पर्धी का असेना. आपला नट दुसऱ्याच्या रोबोत बसला, तर पोरं ते वर्षभर सांगत फिरतात. डार्लीन सवयीने सरळ माईककडे गेली.

"लक्ष द्या! चॅनेल नऊला कॅमेरा स्टँडवर बसवायची प्लेट आणि पाव इंची आखूड बोल्ट हवा आहे!"

 जिममध्ये सगळीकडून पेट्या उघडल्याचा आवाज आला.

त्याच वेळी मागच्या दाराने वॉल्टर राउटियो आत आले होते. ते स्पर्धा पाहायला आलेच नव्हते. मॅट बसतील की नाही हे बघायला ते खोलीचं माप घ्यायला आले होते. एका हातात टेप होता आणि काखेत नव्या मॅटच्या जाड स्पंजाचा नमुना. पण वॉल्टरचं गावात हार्डवेअरचं दुकान आहे. हार्डवेअरवाल्याच्या कानावर "आखूड बोल्ट" पडला, की त्याचे पाय आपोआप वळतात. ते बघायला गेले, तर चॅनेल नऊच्या स्टँडभोवती पोरांचा गराडा. एक जण बोल्ट करवतीने कापायला निघालेला.

"ए! ए! कापतोस काय? आटे जातील की त्याचे!" वॉल्टर ओरडले. "लांब आहे तर वॉशर टाक खाली. दोन टाक."

"दोन टाकले तर डुगडुगेल," पाइन हार्बरची कॅप्टन टेस ब्युशे म्हणाली. ही मुलगी राष्ट्राध्यक्षांशीही वाद घालेल.

"मग तीन टाक! पोरी, मी वॉशर विकत होतो तेव्हा तुझा बाप रांगत होता."

"मिस्टर राउटियो, चष्मा!" डार्लीनने मागून येऊन त्यांच्याही डोळ्यांवर प्लास्टिकचा चष्मा चढवला. त्यांनी तो काढला नाही, कारण दोन्ही हातांत वॉशर होते.

प्लेट बसली. इथे थांबायला हरकत नव्हती. पण एवढी मदत हातात घेऊन आलेली पोरं काय ती परत घेऊन जाणार?

"स्टँडचा एक पाय सरकतोय," कुणीतरी म्हणालं. ते दुरुस्त झालं.

"हे सारखं उचलून न्यायचं म्हणजे ताप. त्यांचा खांदा दुखतोय ना? चाकं लावू." चाकं लागली.

"चाकं आहेत, तर ढकलायचं कशाला?" मोटर लागली. एक मोटर लागली म्हणून तोल जायला लागला, म्हणून दुसरी लागली. दोन मोटर म्हणजे बॅटरी आली, बॅटरी म्हणजे वजन, म्हणून खाली लोखंडी पट्ट्या आल्या. त्या कुठे लावायच्या, हे सांगायला वॉल्टर गुडघ्यांवर बसले होते. त्यांचा टेप एव्हाना एक मुलगा वापरत होता.

ब्रेंट पास्टी संपवून, तोंड पुसत आला.

"माझा स्टँड कुठंय?"

"हा काय!" टेसने हातातल्या रिमोटची दांडी दाबली. स्टँड आपणहून त्याच्या दिशेने निघाला, त्याच्या बुटाशी थांबला आणि आदबीने घुरघुरला.

ब्रेंटचं तोंड उघडंच राहिलं. भीक नको पण कुत्रं आवर, अशी त्याची गत झाली होती. "हे... हे चॅनेलचं आहे! मला हे परत द्यायचंय!"

"देऊ की. सगळं सुटं होतं," टेस म्हणाली. "तुमचे साहेब म्हणाले ना, हलतं पाहिजे?"

 फायनलची घोषणा झाली होती आणि मैदानाच्या कडेने आपोआप फिरणारा कॅमेरा कुठल्याही हॉकीच्या मैदानावर त्याला मिळाला नव्हता. "बरं," तो म्हणाला, "चला, न्या मैदानाशी."

"एक पाऊल पुढं यायचं नाही!"

हा आवाज फिलिस लाहती यांचा होता. फिलिस मुख्य तपासनीस. रोबो मैदानात उतरण्याआधी त्याचं वजन, उंची, वायरी सगळं त्या तपासायच्या, आणि त्यांच्या हातून स्वतःच्या मुलाचाही रोबो सुटला नव्हता.

"स्वतःच्या बॅटरीवर चालणारी कुठलीही वस्तू तपासणीशिवाय मैदानाच्या रेषेच्या आत येणार नाही."

"अहो, हा टीव्हीचा कॅमेरा आहे!" ब्रेंट म्हणाला.

"चालतो ना? मोटरवर ना? मग रोबो आहे. वजन करा."

वजन झालं. वायरींना झाकण नव्हतं, ते लागलं. मग फिलिसबाईंनी खाली वाकून पाहिलं. "चारी बाजूंनी मऊ बंपर कुठंय? बंपरवर नंबर कुठंय?"

"स्पंज संपला सगळ्यांचा," टेस हिरमुसून म्हणाली.

वॉल्टर राउटियो गुडघे झटकून उभे राहिले. मग काखेतला कुस्तीच्या मॅटचा नमुना त्यांनी पुढे केला. "हा घ्या. चांगला महागातला आहे. कापताना सरळ कापा." आणि मग स्वतःच फिलिसबाईंवर खेकसले, "आणि तुम्ही काय हो, माणसाला धंदा करू द्याल की नाही? माझ्या दुकानात असं गिऱ्हाइकाला उभं ठेवलं असतं तर!"

"तुमच्या दुकानात दोन महिन्यांपूर्वी सांगितलेली बिजागरी अजून आली नाही, वॉल्टर," फिलिसबाई शांतपणे म्हणाल्या आणि त्यांनी यंत्रावर हिरवी चिकटपट्टी लावली. पास! बंपरवर मोठा नऊ आकडा रंगवण्यात आला, कॅमेऱ्याला चेंडू लागू नये म्हणून त्याच्यावर कुणाचा तरी पारदर्शक डबा उपडा घातला आणि सगळ्या जिमने टाळ्या वाजवल्या.

आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. फायनलमध्ये तीन रोबो एका बाजूला आणि तीन दुसऱ्या. चेंडू उचलायचे आणि समोरच्या टोकाच्या टोपलीत टाकायचे. पाइन हार्बरचा रोबो "सिसू", म्हणजे फिनिश भाषेत जिद्द, ठणठणीत होता, पण त्याच्या दोन जोडीदारांपैकी एकाच्या पोटातून धूर यायला लागला. तो वाचण्यातला नव्हता. बदली घ्यावी, तर बाहेर बर्फ वाढलं म्हणून हरलेले संघ रोबो बसमध्ये घालून घरच्या वाटेला लागलेले. टेस फिलिसबाईंकडे धावली.

"बदली म्हणून कोण चालेल?"

"नियम सांगतो, तपासणी झालेलं, इथं हजर असलेलं आणि रिकामं असलेलं कुठलंही यंत्र," फिलिसबाई म्हणाल्या. बोलता बोलता त्यांची नजर नऊ नंबरवर गेली. आपण काय बोलून बसलो हे त्यांना कळलं, पण नियम तो नियम.

"नाही!" ब्रेंट म्हणाला.

"मैदानाच्या मधोमध कॅमेरा!" टेस म्हणाली. "हॉकीत कधी बसवलाय कुणी?"

ब्रेंटने एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा दुखऱ्या खांद्याकडे पाहिलं आणि कॅमेऱ्याचं बटण दाबून टाकलं.

आता नऊ नंबरला कोच हवा. मैदानाच्या टोकाला पारदर्शक भिंत असते, तिच्यामागे यंत्र चालवणारी मुलं आणि प्रत्येक यंत्राचा एक कोच उभा राहतो. गॉर्डी सिसूच्या वेळीही तिथे टेसला उभी करून स्वतः लांब राहायचा, आणि आज तर तो पॉपकॉर्नच्या यंत्राला चिकटला होता. फिलिसबाई बिल्ला घेऊन इकडे तिकडे बघत होत्या. "नऊचा कोच कोण? बिल्ल्याशिवाय आत उभं राहायचं नाही."

"मीच राहतो, द्या इकडं," वॉल्टर म्हणाले. "त्या पट्ट्या कुठं लावल्यात ते मलाच ठाऊक आहे." आणि ठळक अक्षरांत "कोच" लिहिलेला बिल्ला त्यांनी छातीवर लावून घेतला.

सामना सुरू व्हायच्या आधी यंत्र एकदा हलवून बघितलं, तर नवीन आफत. दांडी पुढे ढकलली की नऊ नंबर मागे यायचा. झाकण लावताना घाईत मोटरच्या वायरी उलट्या लागल्या होत्या. पंच शिटी तोंडात धरून उभा. नऊ चालवणारा मुलगा रडकुंडीला आला.

"वायरी सोडवायला वेळ नाही!"

"मग अख्खं यंत्रच फिरवून ठेवा की!" वॉल्टर गरजले.

मुलं थक्क होऊन त्यांच्याकडे बघत राहिली. एवढं साधं त्यांच्यातल्या एकालाही सुचलं नव्हतं. दोघांनी धावत जाऊन नऊ नंबर उचलला आणि तोंड मागे करून ठेवला. आता दांडी पुढे की यंत्र पुढे. टेसने वॉल्टरच्या हातावर टाळी दिली. रोबोवाल्यांच्या दृष्टीने यंत्राला पुढची बाजू आणि मागची बाजू असं काही नसतंच. कॅमेऱ्याला मात्र असते, हे त्या अख्ख्या जिममध्ये एकाच माणसाला माहीत होतं आणि तो त्या वेळी खांद्याला मलम चोळत होता.

शिटी वाजली. सिसूने चेंडू उचलायला सुरुवात केली. नऊ नंबर पाठमोरा मैदानाच्या मध्यभागी गेला आणि समोरच्या संघाच्या वाटेत उभा राहिला. समोरची पोरं पेचात पडली. एरवी त्यांनी धडक दिली असती. पण टीव्हीचा कॅमेरा, तोही डब्याखाली! त्यांचा पहिला रोबो आला, थबकला आणि चुलत्याला वाट देतात तसा लांबून वळसा घालून गेला. दुसराही तसाच. पारदर्शक भिंतीमागे वॉल्टर राउटियो दोन्ही तळवे भिंतीला लावून नाचत होते.

"अडव त्याला! डावीकडं! अरे डावीकडं म्हणजे माझ्या डावीकडं! शाब्बास माझ्या पठ्ठ्या! ओ पंच, ते काय बघताय? तिकडं बघा! डोळ्यांवर चष्मा आहे ना?"

शेवटच्या क्षणी समोरच्यांचा एक चेंडू टोपलीच्या कडेवर फिरला, फिरला आणि आत पडला. पाइन हार्बर एका चेंडूने हरलं. वॉल्टर पंचाला "कुस्तीत असलं खपवून घेतलं नसतं" हे सांगायला निघाले होते, तेवढ्यात जिंकलेल्या संघाची एक मुलगी भिंतीपाशी आली, तिने आपल्या टोपीवरचा संघाचा बिल्ला काढला आणि त्यांच्या कोटावर लावला.

"तुमचं यंत्र फार छान खेळलं, कोच."

 वॉल्टरनी चष्मा वर करून डोळे पुसले.

"चष्मा खाली!" फिलिसबाई ओरडल्या.

ब्रेंटने डबा काढला, कॅमेऱ्याचा छोटा पडदा उघडला, चित्र मागे नेऊन पाहिलं आणि मटकन खाली बसला. डार्लीन धावत आली.

"काय झालं? आलं ना सगळं?"

"एकही रोबो नाही," ब्रेंट पुटपुटला. "सुरुवातीपासून शेवटपर्यंत... हे बघा, हा एकच म्हातारा."

डार्लीनने पडद्यात पाहिलं. महिनाभर फोन केले ते या चेहऱ्यासाठी? "पुन्हा घ्या! मुलांना चालवायला सांगते—"

"सहाच्या बातम्या आहेत बाई, आणि बाहेर बर्फ आहे." टेस आणि तिच्या फौजेने क्षणात चाकं, मोटर, पट्ट्या सगळं सोडवून स्टँड पूर्वीसारखा तीन पायांचा करून दिला. प्लेट मात्र "आमच्याकडून भेट" म्हणून राहू दिली. ब्रेंट निघून गेला. मुलाखत न घेताच गेला, हे कळल्यावर पॉपकॉर्नच्या यंत्रामागून एक दीर्घ सुस्कारा ऐकू आला.

संध्याकाळी हाउटालांच्या दिवाणखान्यात अख्खा संघ टीव्हीसमोर दाटीवाटीने बसला होता. हवामान झालं. रस्ते बंद झाल्याचं झालं. एक हरवलेला कुत्रा सापडल्याचं झालं. डार्लीन रिमोट घट्ट धरून बसली होती. तिला आता काही आशा उरली नव्हती, तरी ती उठत नव्हती.

"आणि आता खेळ!" बातम्या वाचणारी बाई म्हणाली. या वेळी ती जांभई देत नव्हती, हसू आवरत होती. "हॉकीचा सामना रद्द झाला, पण या हिवाळ्यातला सगळ्यात तापलेला कोच आम्हाला पाइन हार्बरच्या रोबो स्पर्धेत सापडला!"

आणि पडदाभर वॉल्टर राउटियो. भिंतीला नाक चिकटलेले वॉल्टर. "माझ्या डावीकडं" म्हणणारे वॉल्टर. पंचाला सुनावणारे वॉल्टर. शेवटी बिल्ला लावून घेणारे, डोळे पुसणारे आणि "चष्मा खाली" ऐकून दचकलेले वॉल्टर. खाली पट्टी: वॉल्टर राउटियो, रोबोटिक्स कोच, पाइन हार्बर. नाव ब्रेंटने जिममध्ये ऐकलं होतं आणि हुद्दा छातीवरच्या बिल्ल्यावर वाचला होता. यात त्याची काहीच चूक नव्हती.

"एक रोबो दाखवला नाही मेल्यांनी! एक चाक नाही!" डार्लीनने रिमोट सोफ्यावर आपटला. "आणि कोच कोण, तर ज्याने खोली काढायला घेतलीय तो! आता सोमवारी तो म्हणेल, कुठं दिसला तुमचा खेळ?"

 टीव्हीवर आपण नाही, या आनंदात गॉर्डी दुसरी पास्टी घेत होता. पण रोबोच्या खोलीची आठवण झाली आणि त्याने ती परत ताटात ठेवली.

रविवारी मात्र गावात वेगळंच घडत होतं. चर्चमध्ये वॉल्टरच्या खांद्यावर जो तो थाप मारत होता. सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, मेव्हणा म्हणाला, "वॉल्टर, तू कोच झालास आणि आम्हाला बोलला नाहीस!" लांबच्या गावाहून बहिणीचा फोन आला, ती रडत होती. शाळेत वॉल्टरना कधी कुठल्या संघात घेतलं नव्हतं, हे फक्त तिलाच आठवत होतं. दुकानात दिवसभर गिऱ्हाइकं आली. कुणी काही घेतलं नाही, पण सगळे "कोच, काय म्हणता?" विचारून गेले. पहिल्या माणसाला वॉल्टर म्हणाले, "अहो, मी काही कोच नाही." दुसऱ्याला म्हणाले, "तसं म्हणाल तर." तिसऱ्याला त्यांनी वॉशर कसे बसवायचे ते दाखवलं.

सोमवारी बैठकीत डार्लीन पहिल्या रांगेत बसली होती. तिने चार वाक्यं तयार केली होती, कारण गॉर्डीची पाठ होत नव्हती. 

"पुढचा विषय," एका सभासदाने वाचलं, "वर्कशॉपमागची खोली कुस्तीला देणे."

वॉल्टर राउटियो उठले. कोटावर अजून दोन्ही बिल्ले होते.

"कुस्तीला जेवणघर द्यावं. टेबलं सरकवली की झालं, मी माप घेतलंय." ते घसा खाकरून म्हणाले. "आणि हा विषय आलाच कसा मताला? गावाचा खेळ टीव्हीवर दिसतो, लोक मला रस्त्यात थांबवतात, आणि आपण कोचच्याच खोलीवर डोळा ठेवायचा? कोण बोललं होतं मागच्या वेळी?"

सगळ्या सभासदांनी टेबलाकडे पाहिलं.  विषय पत्रिकेतून निघाला. डार्लीनला इतकं हलकं वाटलं की तिला खुर्चीत नीट बसता येईना. मागच्या रांगेत टेस ब्युशेने दोन्ही हात वर केले आणि ज्या कॅप्टनशी कुणी वाद जिंकू शकत नाही, ती चक्क रडली.

बैठक संपल्यावर वॉल्टर गॉर्डीपाशी आले. आवाज जरा खाली आणून म्हणाले, "उद्या सराव किती वाजता असतो रे?"

"शाळा सुटल्यावर," गॉर्डी म्हणाला.

"मी येईन. तूही येत जा. एवढ्या पोरांना एकट्या कोचने बघायचं म्हणजे जड जातं, मदतनीस लागतो." त्यांनी गॉर्डीच्या पाठीवर थोपटलं आणि ते निघून गेले.

डार्लीन संतापून त्यांच्या मागे जायला निघाली, पण गॉर्डीने तिचा हात धरला. लग्नात व्हिडिओवाला निघून गेला, त्यानंतर इतका निवांत तो तिला कधी दिसला नव्हता.

"राहू दे," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी टीव्हीवाले आले, तर कोचशीच बोलतील ना?"

"आणि टीव्हीवाल्यांना फोन कोण करणार?"

"कोच करतील की," गॉर्डी म्हणाला आणि बाहेर येऊन गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडायला लागला.